राउटर बैठकीत, अभ्यास आतल्या खोलीत

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मी माझ्या मुलीला खोटारडी म्हणालो. शब्द तोच नव्हता, अर्थ मात्र तोच होता. ती चार दिवसांपासून सांगत होती, "अब्बू, नेट चालत नाही." आणि मी बैठकीत गादीवर रेलून, टीव्हीवर नेटवरच्याच बातम्या बघत तिला सांगत होतो, "माझं तर चालतंय. एकाच घरात तुझंच कसं चालत नाही?"

ती आता बारावीत गेली आहे. नीटची तयारी करते. संध्याकाळी सात ते नऊ तिचा ऑनलाइन क्लास असतो. क्लासमध्ये मधूनमधून प्रश्न येतात, तीस सेकंदांत उत्तर द्यायचं असतं. त्या क्लासवाल्यांची एक सोय आहे, तिला सोय म्हणावं की काय मला माहीत नाही, पण रात्री पालकांच्या फोनवर अहवाल येतो. त्या दिवशीचा अहवाल असा होता: विद्यार्थिनी हजर, १५ पैकी ९ प्रश्नांना प्रतिसाद नाही. मी शिक्षक आहे. वीस वर्षं वर्गात मागच्या बाकावरच्या पोरांचे चेहरे वाचतो आहे. मला लगेच समजलं की ती क्लास लावून ठेवते आणि दुसरंच काहीतरी बघत बसते. मी तसं बोललो. ती काही बोलली नाही. तिची अम्मी बोलली, पण तिचंही मी ऐकलं नाही.

मला समजलं होतं ते साफ चूक होतं. चूक कुठे होती ते सांगण्यासाठी आधी आमचं घर सांगावं लागेल.

आम्ही मोमिनपुऱ्यात राहतो. घर वडिलांच्या वेळचं, रुंदीला कमी आणि लांबीला जास्त. गल्लीच्या बाजूला बैठक, मग मधली खोली, मग लहानसं अंगण, आणि अंगणापलीकडे आतली खोली व स्वयंपाकघर. भिंती जुन्या विटांच्या, चांगल्या हातभर जाड. गल्ली एवढी अरुंद की फायबरची केबल आमच्यापर्यंत आलीच नाही. म्हणून आम्ही बिनतारी ब्रॉडबँड घेतलं. गच्चीवर एक पांढरी चौकोनी डबी टॉवरकडे तोंड करून बसवलेली, तिच्यातून एक वायर खाली बैठकीतल्या राउटरला. टॉवरपासून गच्चीपर्यंत हवेतून, आणि राउटरपासून फोनपर्यंत पुन्हा हवेतून. म्हणजे आमच्या घरी नेट दोनदा हवेतला प्रवास करून येतं, आणि कुठल्या प्रवासात त्याची दमछाक होते हे नुसतं "नेट स्लो आहे" म्हणून कळत नाही.

कंपनीला फोन केला. फोनवरच्या बाईंनी राउटर बंद करून पुन्हा चालू करायला सांगितलं. केलं. मग म्हणाल्या, सर, तुमचा प्लॅन १०० एमबीपीएसचा आहे, घरात माणसं जास्त असतील तर २०० चा घ्या. मी जवळजवळ घेणारच होतो. दुसऱ्या दिवशी एक पोरगा आला, बैठकीत राउटरजवळ उभा राहिला, फोनवर स्पीड तपासला, मला दाखवला. "पहा न सर, ८८ येऊन राहिले. लाइन एकदम ओके आहे जी." आणि गेला. तो खरं बोलत होता. त्याला आतल्या खोलीत नेण्याचं मला सुचलं नाही, आणि खरं सांगायचं तर आमच्याकडे परक्या माणसाला घरात आतपर्यंत कोणी नेतही नाही. त्यामुळे माझी खात्री आणखी पक्की झाली.

शुक्रवारी दुपारी मुलीने एक कागद समोर ठेवला. फिजिक्सच्या प्रॅक्टिकलच्या वहीत करतात तसा तक्ता. तिने एकाच फोनवर, घरातल्या चार जागी, दिवसातून तीनदा स्पीड मोजला होता. बैठक: ८० च्या वर. मधली खोली: ४० च्या आसपास. अंगण: १२. तिची खोली: सकाळी ६, दुपारी १.३, संध्याकाळी १.१. आणि कडेला तिने एक प्रश्न लिहिला होता: कूलर?

कूलर. नागपूरकराला कूलर समजावून सांगायला नको. या शहराने २०१३ च्या मे महिन्यात ४७.९ अंश बघितलेले आहेत. मार्च संपता संपता घराघरात पत्र्याची ती मोठी पेटी खाली उतरवली जाते, नवा वाळा भरला जातो, आणि ती खिडकीत बसते. आमची बसते मधल्या खोलीच्या त्या खिडकीत, जी अंगणाकडे उघडते. त्या जाड भिंतीत मोकळी जागा काय ती तेवढीच. सगळा हिवाळा वायफायच्या लहरी बैठकीतून मधल्या खोलीत आणि त्या खिडकीतून अंगण ओलांडून मुलीच्या खोलीत जात होत्या. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी स्वतःच्या हाताने ती खिडकी लोखंडी पत्र्याने आणि पाण्याने बुजवली. पत्रा लहरी परत फेकतो, पाणी त्या शोषून घेतं. वायफायवर ठेवायचं म्हटलं तर याहून चांगलं झाकण शोधून सापडणार नाही. सकाळी कूलर रिकामा असायचा तेव्हा ६, टाकी भरून चालू केला की १. मी गार हवेत झोपायचो आणि ती अंगणापलीकडे उत्तराचं बटण दाबत बसायची.

मी तिला म्हणालो, "हे आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं, अब्बू."

इथे थोडं थांबून ते आकडे काय म्हणतात ते सांगतो, कारण नेट हळू चाललं की लोक पहिली गोष्ट करतात ती मोठा प्लॅन घेण्याची, आणि बऱ्याच वेळा ते पैसे पाण्यात जातात. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट. आपण फायलींचा आकार बाइटमध्ये मोजतो, आठ बिटांचा एक बाइट, म्हणून १०० च्या प्लॅनवर फाइल उतरताना १२ मेगाबाइटच्या आसपास दिसते आणि माणसाला वाटतं की आपल्याला फसवलं. तिथे फसवणूक नसते. दुसरं म्हणजे, ऑनलाइन क्लासला १०० लागतच नाहीत. दोन-तीन एमबीपीएस न तुटता मिळाले तर शिक्षकांचा चेहराही दिसतो आणि फळाही. माझ्या मुलीला तेवढेही मिळत नव्हते. मी २०० चा प्लॅन घेतला असता तर बैठकीत १६० आले असते आणि तिच्या खोलीत तेच १.१.

सरकारने ब्रॉडबँड कशाला म्हणावं हे ठरवून दिलं आहे. २००४ च्या धोरणात किमान २५६ केबीपीएस, २०१३ मध्ये ५१२, आणि जानेवारी २०२३ पासून किमान २ एमबीपीएस. ती मर्यादा जोडणीसाठी आहे, खोल्यांसाठी नाही, हे मला कळतं. तरी तो तक्ता हातात घेऊन मी हिशेब केला. सरकारी मोजमापाने माझ्या घराच्या पुढच्या भागात ब्रॉडबँड होतं, मागच्या भागात नव्हतं. पुढच्या भागात मी बसतो, माझा भाऊ बसतो, पाहुणे बसतात. मागच्या भागात माझी बायको आणि मुलगी असतात.

राउटर बैठकीत कोणी ठेवला? कंपनीच्या माणसाने विचारलं, "कुठे लावू सर?" आणि मी टीव्हीशेजारचा कोनाडा दाखवला. तिथे प्लग होता, वायर कमी लागत होती, बरं दिसत होतं. आतल्या खोलीत कोण काय करतं हा विचार मनात आलाच नाही. मी नंतर ओळखीच्या घरांत मुद्दाम बघितलं. जाफरनगरमधल्या बहिणीच्या फ्लॅटमध्ये राउटर हॉलच्या दाराशी. कामठीला एका सहकाऱ्याकडे दुकानाच्या गल्ल्यावर, वरच्या मजल्यावर त्याच्या दोन मुली शिकतात. एका मराठी मित्राकडे धंतोलीला, तिथेही हॉलमध्ये शोकेसच्या आत, काचेआड, चांदीच्या भांड्यांमागे. हे फक्त आमच्या समाजाचं दुखणं आहे असं मला म्हणायचं नाही. पण ज्या घरांत पुढचा भाग पुरुषांचा आणि मागचा बायकांचा अशी जुनी वाटणी अजून चालते, त्या घरांत नेटचीही वाटणी तशीच होते, आणि ती कोणी ठरवून केलेली नसल्यामुळे कोणाला दिसतही नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ मध्ये, आयुष्यात कधीही इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया देशात तीनपैकी एक निघाल्या. पुरुषांत हे प्रमाण निम्म्याहून जास्त होतं. आपण म्हणतो मुलींना फोन मिळत नाही. फोन मिळाल्यावरही तो कुठल्या खोलीत चालतो हा पुढचा प्रश्न आहे.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा मी फोनवर वर्ग घ्यायचो. एक मुलगी नेहमी उशिरा यायची, आली की मागे वाहनांचे आवाज असायचे. मी तिला दोनदा टोकलं, रस्त्यावर बसून शिकतात का? खूप नंतर कळलं की ती घराच्या बाहेरच्या पायरीवर बसायची, कारण आत सिग्नल नव्हता. कॅमेरा बंद ठेवणाऱ्या, उत्तर न देणाऱ्या सगळ्या मुलींपुढे मी तेव्हा गैरहजरची खूण केली. आता त्या हजेरीपटाचं काय करू?

एक सहकारी मला म्हणाले, सर, राउटर बाहेरच बरा. मुली सगळ्यांसमोर बसून बघतील, नजर राहते. हा विचार अनेक आई-वडिलांच्या मनात असतो, चांगल्या हेतूने असतो, म्हणून तो हसण्यावारी नेऊ नये. पण नजर ठेवायची आणि अभ्यास बुडवायचा हे एकाच तारेला बांधून कसं चालेल? केरळमध्ये फहीमा शिरीन या विद्यार्थिनीच्या वसतिगृहाने संध्याकाळी सहा ते रात्री दहा मोबाइल बंद असा नियम केला होता. तिने तो मानला नाही, तिला वसतिगृहातून काढलं, ती कोर्टात गेली. सप्टेंबर २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने निकाल दिला की इंटरनेट वापरता येणं हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या अधिकाराचा भाग आहे, आणि तिला परत घ्यायला सांगितलं. माझ्या घरात असा नियम कोणी केला नव्हता. कूलर होता. मुलीच्या क्लाससाठी दोन्हींचा परिणाम एकच, आणि नियम निदान वाचता तरी येतो.

आता दुरुस्ती. सर्वांत आधी, दोष कुठे आहे ते ठरवा, आणि त्यासाठी लॅपटॉप राउटरला केबलने जोडून स्पीड मोजा. केबलवर पूर्ण स्पीड येत असेल तर कंपनीची बाजू ठीक आहे, गडबड घरातल्या हवेत आहे. केबलवरच कमी येत असेल तर घरात काहीही हलवून उपयोग नाही. हे एक काम आम्ही पहिल्या दिवशी केलं असतं तर चार दिवसांची बोलणी वाचली असती.

हवेतली गडबड दोन प्रकारची. एक म्हणजे अडथळा, तो सांगून झाला. लोखंडी कपाट, आरसा, माशांची टाकी, फ्रिज हे सगळे कूलरचेच भाऊबंद. दुसरी म्हणजे गर्दी. वायफायचं यंत्र बोलण्याआधी कान देतं. त्याच चॅनेलवर दुसरं कोणी बोलत असेल तर थांबतं. मुशायऱ्यात एका वेळी एकच शायर वाचतो, तसं. अडचण अशी की २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात नावाला १३ चॅनेल आहेत, पण ते एकमेकांवर चढलेले. एकमेकांना न अडवणारे तीनच, १, ६ आणि ११. आमच्या अंगणात उभं राहून फोनवर बघितलं तर शेजाऱ्यांची २७ नेटवर्कं दिसली, आणि त्यातली निम्मी ६ वर. म्हणजे एका मंचावर सगळी गल्ली नंबर लावून बसलेली. त्यात ज्या फोनचा सिग्नल कमजोर तो हळू बोलतो, एकेक मिसरा चार चार वेळा वाचणाऱ्या शायरासारखा, आणि बाकीच्यांचाही वेळ खातो. आतल्या खोलीतला कमजोर फोन बैठकीतल्या टीव्हीलाही थोडा अडवत होता. हे ऐकल्यावर माझ्या भावाला विषयात रस वाटू लागला.

५ गिगाहर्ट्झचा पट्टा ऐसपैस आहे, चॅनेल पुष्कळ, पण त्या लहरी भिंतीपुढे लवकर हरतात. एका खोलीत तो उत्तम. दोन जुन्या भिंतींपलीकडे नावालाही उरत नाही. म्हणून "५ जी वायफाय चालू करा" हा सल्ला नव्या फ्लॅटमध्ये बरोबर आणि आमच्यासारख्या घरात निरुपयोगी.

बाजारात बूस्टर म्हणून जी छोटी डबी प्लगमध्ये लावायला देतात ती मी घेतली नाही. ती तोच कमजोर आवाज ऐकून पुन्हा बोलते, आणि साधी डबी असेल तर त्यात निम्मा वेग जातो. आम्ही केलं ते असं. राउटर कोनाड्यातून काढून मधल्या खोलीत, कपाटावर नाही तर भिंतीवर उंच, मोकळा लावला. गच्चीवरून येणारी वायर थोडी वळवावी लागली एवढंच. मग तिथून अंगणाच्या भिंतीकडेने वीस मीटर लॅन केबल आतल्या खोलीपर्यंत नेली आणि तिथे आमचा जुना, माळ्यावर पडलेला राउटर लावला. त्यात दोन गोष्टी कराव्या लागतात: केबल त्याच्या वॅनच्या नाही तर लॅनच्या छिद्रात खोचायची, आणि सेटिंगमध्ये डीएचसीपी बंद करायचं, म्हणजे घरातले पत्ते वाटण्याचं काम एकच राउटर करतो. चॅनेल एकाला १ दिला, दुसऱ्याला ११. हे सगळं मुलीने केलं. मी शिडी धरली. खर्च केबलचा, घरच्या चार माणसांच्या बिर्याणीएवढा.

आतल्या खोलीत आता ७० च्या वर येतात, कूलर चालू असताना. तिची अम्मी स्वयंपाकघरातून तिच्या बहिणीशी व्हिडिओवर बोलते, अंगणात येऊन हात उंच करावा लागत नाही. तिने असा हात उंच करून बोलणं किती महिने चालवलं होतं, तेही मी कधी विचारलं नव्हतं. मी स्वतः उर्दू वर्तमानपत्रं वाचतो. त्यांची पानं नेटवर अजून बऱ्याच ठिकाणी अक्षरं म्हणून नाही, चित्र म्हणून येतात, त्यामुळे जड असतात. आतल्या खोलीत बसून ती झटकन उघडतात हे मला सासूबाईंनी सांगितलं. त्या दोन वर्षांपासून पान उघडण्याची वाट बघत तसबीह फिरवत होत्या म्हणे.

एवढं झाल्यावर तक्त्यात एक नवी गोष्ट दिसली. केबलवर मोजलं तरी सकाळी ९२ असलेला आकडा रात्री आठ ते दहा या वेळेत ३० वर, एकदा ११ वर येतो. हे मात्र आमच्या घरात घडत नाही. टॉवर एकच, त्यावर परिसरातले सगळे फोन आणि आमच्यासारखी घरं. कंपनीने जेवढी गिऱ्हाइकं जोडली तेवढी क्षमता वाढवली नाही तर रात्री सर्वांच्या वाट्याला कमी येणारच. जाहिरातीत "१०० पर्यंत" लिहिलेलं असतं, आणि या "पर्यंत"ची जबाबदारी कोणी घेत नाही. इथे माझा राग कंपनीवर आहे, आणि या वेळी तो आकड्यांसह आहे. आधी मी फोनवर "नेट स्लो आहे हो" म्हणायचो आणि मला राउटर बंद-चालू करायला सांगायचे. आता मी म्हणतो, केबलवर, सात दिवस, रात्री नऊ वाजता, हे सात आकडे. तक्रार क्रमांक द्या. बाईंचा सूर बदलतो.

तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नये. त्यावर समाधान झालं नाही तर ट्रायच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे ३० दिवसांत अपील करता येतं, त्याला पैसे लागत नाहीत. ट्राय स्वतः एकेकट्या ग्राहकाची तक्रार घेत नाही, तिथे पत्र पाठवून वाट बघू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. ग्राहक आयोगाचा रस्ताही उघडा आहे. दूरसंचार सेवेविरुद्धची तक्रार तिथे चालते हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे.

आमचं अपील गेल्या सोमवारी पाठवलं. मसुदा मी मराठीत लिहिला, आकड्यांचा तक्ता मुलीच्या हस्ताक्षरात, तसाच फोटो काढून जोडला. खाली ग्राहकाची सही लागते म्हणून माझी आहे. आता बैठकीतल्या टीव्हीवर मॅच चालू असताना चित्र कधीकधी फुटतं. भाऊ म्हणतो राउटर परत कोनाड्यात आणू या. मी त्याला सांगितलं, नऊनंतर बघ.